वजा सात क्ष

“चपला बाहेर नको, आत काढा. बाहेरून कुत्रं पळवतं,” नेरकर सर आतूनच म्हणाले. “आणि पाय पुसून या. पाहुणे येणार म्हणून मुलीने सकाळपासून दोनदा फरशी पुसली आहे.”

मी आणि मुरलीधरमामा धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या त्या घराच्या दाराशी उभे होतो. रविवारची दुपार होती. मामांनी पायपुसण्यावर पाय घासले, मग मी घासले. मामा आत गेले तरी मी घासतच होतो, तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्या दंडाला धरून मला आत घेतलं.

बाहेरच्या खोलीत एरवी जिथे देवांच्या तसबिरी असतात, त्या भिंतीवर फळा होता. जवळजवळ भिंतभर. त्याच्यासमोर शिकवणीच्या मुलांची बाकं आणि एका कडेला दोन खुर्च्या. फळ्याजवळच्या वेताच्या खुर्चीत सर बसले होते. त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि डाव्या हाताने त्यांनी तो मांडीवर दाबून धरला होता. कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकलो तेव्हा तो हात असा नव्हता. तेव्हा त्यांनी काढलेलं वर्तुळ कंपास लावून पाहिलं तरी बरोबर निघत असे.

“मामा, तुम्ही खुर्चीवर. शिरुडे, तू—” सर थांबले. “नाही, आता तुम्हाला अहो-जाहो करायला हवं. स्थळ आहात तुम्ही. तुम्ही बाकावर बसा. सवयीची जागा आहे.”

मी बाकावर बसलो. गुडघे वर आले. बाक आठवी-नववीच्या मुलांच्या मापाचा होता.

“काय करता सध्या?”

“शिरपूरला हायस्कुलात आहे, सर. गणित आणि शास्त्र शिकवतो.”

“म्हणजे लसावि-मसावि.”

“हो, सर.”

“एमएस्सी करून लसावि-मसावि. छान.” ते मामांकडे वळले. “वर्गात हा दुसऱ्या बाकावर बसायचा. दोन वर्षांत मी ह्याचा आवाज ऐकला तो हजेरीच्या वेळी. तोही आजूबाजूच्या पोरांनी सांगायचं, सर, आहे तो.”

मामा हसले. मामांचं पारोळ्याला भुसाराचं दुकान होतं आणि समोरच्या माणसाने काहीही म्हटलं तरी आधी हसून घ्यायचं, ही त्यांची रीत होती. “लाजाळू आहे, सर. पण पोरगा सोन्यासारखा. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही.”

“बोलतही नाही, खातही नाही. मग करतो काय?”

“वाचतो, सर.”

“वाचतो,” सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या गुंडीकडे गेला. गुंडी लावलेली होती.

मी तिथे का गेलो, ते इथेच सांगून टाकतो. सरांची मुलगी शरयू कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होती. आमचं बोलणं झालं ते ग्रंथालयात, बीजगणिताचं एकच पुस्तक दोघांना हवं असायचं तेव्हा. “तुमचं झालं का?” “अजून दोन दिवस.” “बरं.” एवढंच. ती बीएस्सीला पहिल्या वर्गात आली. पुढे सरांनी तिला शिकू दिलं नाही. त्यांचा हात गेला होता आणि घरच्या शिकवणीत फळ्यावर लिहायला कुणीतरी हवं होतं. सर खुर्चीत बसून बोलत, ती लिहीत असे. आमच्या लाडशाखीय वाण्यांत तिला स्थळं येत होती. एक इंजिनिअर येऊन गेला, एक बँकेतला, एक नाशिकचा वकील. सर प्रत्येकाला फळ्यासमोर उभं करत आणि प्रत्येक जण घाम पुसत परत जाई. जातीतल्या लोकांनी मग त्या घराचं नाव काढणं सोडलं होतं.

माझी चुलतबहीण विमल त्याच गल्लीत दिलेली होती. शरयूने तिला हळदीकुंकवाच्या गर्दीत गाठून विचारलं होतं, “तुमचा दिगंबर फळ्याला घाबरतो का गं?” विमल म्हणाली, “तो सगळ्यालाच घाबरतो, पण गणिताला नाही.” तेव्हा शरयू म्हणाली होती, “मग त्याला यायला सांग. मला इथून कुणी नेलं नाही तर मी ह्या फळ्याखालीच म्हातारी होईन.”

विमलने हे मला सांगितलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मला कुणी कुठे बोलावल्याचा तो पहिलाच प्रसंग. मी दोन रात्री झोपलो नाही आणि तिसऱ्या दिवशी मामांकडे गेलो.

शरयू पोहे घेऊन आली. निळी सुती साडी, जाड काचांचा चष्मा. तिने मामांना बशी दिली, मला दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

“उभी राहा जरा,” सर म्हणाले. ती उभी राहिली. “चष्मा काढ.”

“बाबा, कशाला?”

“काढ. पाहुण्यांपासून मी काही लपवत नाही.” तिने चष्मा काढला. “किती बोटं दिसतात माझी?”

“पाच.”

“ती थरथरतात म्हणून पाच. स्थिर धरली तर हिला दोन दिसतात, मामा. घालून टाक.” तिने चष्मा घातला. “आता सव्विसावं लागलंय. दोन वर्षांपूर्वी रंग जरा बरा होता. पोहे मात्र चांगले करते. खा तुम्ही.”

मामा म्हणाले, “सर, मुलीत काही खोट नाही. आमचा मुलगा पसंत पडावा, एवढंच.”

“तेच पाहायचंय. मुलगी पाहायची रीत आमच्याकडे नाही. ह्यांनी ती पाहिलेली आहे. ग्रंथालयात पुस्तकाच्या आडून वर्षभर पाहत होते. मला दिसत नव्हतं असं ह्यांना वाटायचं.” माझे कान तापले. “आमच्याकडे मुलगा पाहायची रीत आहे. तुम्ही धान्य घेताना मूठभर तळहातावर घेऊन बघता ना?”

“दाताखाली दाणा घालूनही बघतो, सर.”

“तेही करू.” सरांनी मान वळवली. “शरयू, एक समीकरण लिही. तुझ्या मनाने घाल. मी सुचवलं तर हे म्हणतील, म्हाताऱ्याने अडवायला घातलं.”

ती फळ्याकडे गेली. खडू उचलून क्षणभर थांबली. मग एका दमात लिहिलं:

क्ष³ − ७क्ष + ६ = ०

तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. बारीक, सारख्या दाबाचं. वजाची रेघ आडवी, नेमकी, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून.

“सोडवायचं नाही,” सर म्हणाले. “सोडवणं हे कारकुनाचं काम. धन मुळं किती, ऋण किती, तेवढं सांगा.”

मामा पोह्यांवरून मान वर करत म्हणाले, “धनाचं काय म्हणालात, सर? देण्याघेण्याचं असेल तर आपण निवांत बोलू. आमची काही अपेक्षा नाही.”

“मामा, तुम्ही खा.”

मी उठलो. समीकरण सोपं होतं. इतकं सोपं की मला शंका आली, ह्यात काहीतरी खुबी असणार. मग लक्षात आलं, की ते तिने घातलंय. घन होता, पण आकडे लहान होते, आणि एक घालून पाहिलं की लगेच उलगडत होतं. इंजिनिअरला ती असं सोपं देत नसावी.

“बोला,” सर म्हणाले. “मनात नको. मामांना कळेल असं बोला.”

मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो. फळ्याकडे तोंड असलं की मला बोलता येतं. वर्गातही माझं तसंच होतं.

“चिन्हं डावीकडून वाचत जायची. पहिलं पद अधिक. दुसरं वजा. हा एक बदल. तिसरं अधिक. हा दुसरा बदल. जितके बदल, तितकी धन मुळं. किंवा त्याहून दोनाने कमी. म्हणजे इथे धन मुळं दोन असतील, नाहीतर एकही नसेल.”

“असतील, नसेल. लग्न करतील, नाहीतर करणार नाहीत.”

“पुढे पाहायचं, सर. क्षच्या जागी एक घातला. एकाचा घन एक, वजा सात, अधिक सहा. शून्य आलं. म्हणजे एक हे मूळ आहे, आणि ते धन आहे. एक सापडलं म्हणजे ‘एकही नाही’ हे बाद झालं. तेव्हा धन मुळं दोन.” मी तिथल्या तिथे पुन्हा मनात पडताळा घेतला. एकदा घेऊन समाधान झालं नाही, दुसऱ्यांदा घेतला. “ऋण मुळांसाठी क्षच्या जागी वजा क्ष. मग चिन्हं येतात वजा, अधिक, अधिक. एकच बदल. ऋण मूळ एक. दोन आणि एक तीन. घन आहे म्हणून मुळं तीन. जमतं.”

मामांनी चमचा खाली ठेवला होता.

“पाणी घ्या,” सर म्हणाले.

शरयू पितळी पेला घेऊन आली. तो घ्यायला मी फळ्याकडे पाठ केली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. ओठांच्या कडा किंचित हलल्या होत्या, हे मला नक्की आठवतं. म्हणजे नक्की वाटतं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. मागे खुर्ची करकरली. मी पाणी पीत होतो.

पेला परत देऊन मी वळलो. सर खुर्चीतच होते, पण त्यांच्या उजव्या हातात खडू होता.

“दोन धन मुळं म्हणालात.”

“हो, सर.”

“दाखवा मला. कुठे आहेत?”

मी फळ्याकडे पाहिलं. क्ष³ + ७क्ष + ६ = ०. सातच्या आधीच्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ आली होती. आता सगळीच चिन्हं अधिक होती, म्हणजे धन मूळ एकही नव्हतं. वाकडी, जाड, वरून खाली येताना दोनदा थरथरलेली. शेजारच्या नीट अक्षरात ती रेघ ढेकणासारखी दिसत होती.

कॉलेजात सर हेच करायचे. शिकवता शिकवता मधेच एखादं चिन्ह गुपचूप बदलायचे आणि तसेच पुढे जायचे. कोण पकडतो ते पाहायचे. कुणीच बोललं नाही, तर तासाच्या शेवटी खडू टेबलावर टाकून म्हणायचे, “मेंढरं. साठ मेंढरं.” मला दर वेळी ते दिसायचं. दर वेळी मी मनाशी म्हणायचो, आता उठून सांगू, आणि दर वेळी वाटायचं, आपलाच डोळा चुकला असेल.

म्हणजे खरी परीक्षा ही होती. मुळांची नव्हे. माझा आवाज आहे की नाही, हे सरांना बघायचं होतं. ती आत उभी होती, तिने मला बोलावलं होतं, आणि सरांनी समोर तीच जुनी गोष्ट ठेवली होती.

“सर,” मी म्हणालो, “इथे वजा होतं.”

“काय होतं?”

“वजा. सात क्षच्या आधी. आता ते अधिक झालंय.”

मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायची वाट पाहत होतो. ते आलं नाही.

“अधिकच होतं,” सर म्हणाले. “तुम्ही वाचताना चुकलात.”

“नाही, सर. मी मोठ्याने वाचलं. अधिक, वजा, अधिक.”

“मोठ्याने चुकलात.” ते मामांकडे वळले. “मामा, तुम्ही इथेच होता. काय होतं?”

मामांनी बशी खाली ठेवली, रुमालाने तोंड पुसलं. “सर, मला त्यातलं काय कळणार? मला सगळ्या काड्याच दिसतात.”

“शरयू,” सर म्हणाले, “तू लिहिलंस. काय लिहिलं होतंस?”

ती आतल्या दाराच्या चौकटीपाशी पेला धरून उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, सरळ, आणि म्हणाली, “अधिक होतं, बाबा.”

मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. ती रेघ तिथेच होती, वाकडी. तिच्या हाताने ती कधीच आली नसती. आंधळ्याने बोट फिरवलं असतं तरी त्याला कळलं असतं.

“झालं,” सर म्हणाले. “लिहिणारी सांगते, अधिक होतं. मी सांगतो, अधिक होतं. आता तुम्ही काय म्हणता?”

मी त्या रेघेकडेच बघत होतो.

“हे बघा, शिरुडे. उत्तर तुम्ही बरं दिलंत. आजवर आले त्यांच्यापेक्षा बरंच बरं. वकील तर म्हणाला, गणित मला शाळेपासून वर्ज्य आहे.” सर पुढे झुकले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “वाचण्यात एखादी चूक होते माणसाची. त्याचं काही नाही. अधिक होतं, माझी चूक झाली, एवढं म्हणा. पंचांग आत कपाटात आहे. शरयू काढून आणेल. मामा आहेतच. आजच तारीख धरू.”

मामा अर्धवट उठले. “अरे, म्हण ना, दिगू. चूक काय सगळ्यांचीच होते. सर मोठ्या मनाने सांगतायत.”

“सर,” मी म्हणालो, “पण होतं वजा.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“तसं नाही, सर.”

“शरयू खोटं बोलते?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती अजून माझ्याकडेच बघत होती. जाड काचांमागे डोळे मोठे दिसत होते. तिने मान अगदी बारीक हलवली. खाली. मला ती हललेली दिसली. तिचा अर्थ मी असा घेतला की, बोला, घाबरू नका.

आयुष्यात मला कशाचीच खात्री वाटलेली नाही. दाराला कुलूप लावलं की मी दोनदा ओढून पाहतो. मुलांचे पेपर तपासून झाले की पहिल्या पेपरापासून पुन्हा गुण मोजतो. पण ते वजा मी पाहिलं होतं, वाचलं होतं, पडताळलं होतं. त्या खोलीत तेवढ्या एका गोष्टीची मला खात्री होती, आणि मला वाटलं, हे सोडलं तर आपल्यापाशी दुसरं काहीच नाही.

“वजा होतं, सर,” मी म्हणालो. “नंतर कुणीतरी रेघ मारली आहे.”

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू होतं.

“वजाच होतं,” ते म्हणाले. “रेघ मी मारली. शाबास, शिरुडे. दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाहीस, आज उघडलंस. कुणावर उघडलंस? माझ्या मुलीवर. तिच्याच घरात, तिच्यासमोर, तिला खोटी पाडलीस. अजून अक्षता पडल्या नाहीत, तोवर हे. उद्या शिरपूरला नेऊन भाजीत मीठ कमी पडलं तर तिच्याकडून सिद्ध करून घेशील.”

“सर, मी—”

“मामा, मुलगा हुशार आहे. ह्याला गणिताशीच लग्न करू द्या.” त्यांनी खडू मांडीवर ठेवला. तो घरंगळत खाली पडला. “शरयू, पाहुण्यांना चपला दाखव.”

मामा काही बोलायचा प्रयत्न करत राहिले. घराणं, पत्रिका, मुलाची आई एकटी, असं काहीबाही. सरांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी मामा बाहेर पडले आणि ओट्यावर जाऊन टोपी नीट करू लागले.

मी दारापाशी चपला घालायला वाकलो. खरं सांगायचं तर माझी छाती भरून आली होती. नकार मिळाला होता, तो ऐकू येत होता, पण त्याखाली एक वेगळंच काही उसळत होतं. मी बोललो होतो. नेरकर सरांच्या तोंडावर, पुन्हा पुन्हा. आणि तिने ते पाहिलं होतं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, आणि ते जन्मभर पुरेल.

ती माझ्या शेजारी उभी राहिली. आवाज इतका हळू की मामांनाही ऐकू गेला नसेल.

“वजा होतं, हे मला माहीत नव्हतं का? मीच लिहिलं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “मग तुम्ही—”

“मी अधिक म्हणाले. तुमच्यासाठी म्हणाले. तुम्हाला वाट करून दिली. मान हलवून सांगितलं, हो म्हणा.”

मी एक चप्पल पायात, एक हातात, असा उभा राहिलो.

“बाबांनी आजवर कुणाला पंचांगापर्यंत आणलं नव्हतं,” ती म्हणाली. “बाकीच्यांना काही येतच नव्हतं. त्यांना हरवण्यात बाबांना गोडी नव्हती. तुम्हाला येत होतं. बाबांना एवढंच हवं होतं की येणाऱ्या माणसाने त्यांच्यापुढे एकदा मान खाली घालावी. मग त्यांनी मला सोडलं असतं. दोन दिवस भित्रा म्हणाले असते तुम्हाला. भित्रा जावई चालला असता त्यांना.”

“मी खोटं बोलायचं होतं?”

“मी बोलले की.”

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

“एक रेघ होती हो,” ती म्हणाली. तिचा स्वर चिडलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. माझी एखादी साधी बेरीज चुकली असावी, तशी ती माझ्याकडे बघत होती. “तुमचं काय जात होतं? बरोबर असण्याची हौस फिटली ना तुमची?”

आतून सरांचा आवाज आला. “शरयू, फळा पुसू नकोस. असाच राहू दे. उद्या सकाळच्या तुकडीला देतो. बघू, मेंढरांतलं कुणी बोलतं का.”

“हो, बाबा,” ती म्हणाली आणि आत गेली. मी दुसरी चप्पल घातली.

आम्ही स्टँडवर आलो. पारोळ्याची गाडी लागलेली नव्हती. रसवंतीच्या बाकड्यावर बसून मामांनी दोन ग्लास रस मागवला.

“मामा,” मी म्हणालो, “तुम्ही तिथेच होता. तुम्हाला खरंच दिसलं नाही?”

“न दिसायला काय झालं?” मामा म्हणाले. “तुझी पाठ होती. म्हातारा उठला, डाव्या हाताने उजवा धरला, ओढली रेघ, बसला. पोरगी पण बघत होती.”

“मग विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा कीव आल्यासारखं. “अरे, आपण तिथे लग्न जमवायला गेलो होतो, दिगू.”

रस आला. त्यात आलं जास्त पडलं होतं. मामांनी पैसे दिले.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मुलीच्या वडिलांनी मला पगार आणि गोत्र विचारलं, दुसरं काही नाही. शिरपूरच्या त्याच हायस्कुलातून मी निवृत्त झालो. बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिला मी ही गोष्ट सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काय होतं, हेही मला अजून नीट कळलेलं नाही. कधी वाटतं, सरांनी तारीख धरलीच नसती, अधिक म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही काढलं असतं. कधी वाटतं, धरली असती. पडताळा घ्यायची सोय नाही.

माझ्यानंतर त्या घरात कुणी मुलगा गेला नाही. कुणी चौकशी केलीच, तर सर सांगत, “मुलीची इच्छा नाही.” मग त्यांना अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं, पण ते अंथरुणातून फळ्याकडे बघत असत म्हणून पलंग त्याच खोलीत ठेवला होता, असं विमल सांगायची. शिकवणी शरयू एकटी घेई. सर त्यानंतरही बरीच वर्षं जगले. ते गेले तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते.

मागच्या दिवाळीत विमल माझ्याकडे आली होती. आता तीही थकली आहे. मी विचारलं नव्हतं, तिनेच आपणहून काढलं. शरयू भेटली होती म्हणे, दवाखान्यात, डोळ्यांच्या रांगेत. मोतीबिंदू काढून घ्यायला आली होती, एकटीच. विमलने तिला म्हटलं, “आमच्या दिगंबरची आठवण आहे का गं तुला?”

“मग?” मी म्हणालो.

“तिला पटकन ओळख लागलीच नाही,” विमल म्हणाली. “कोण दिगंबर, म्हणाली. मी म्हटलं, अगं, शिरपूरचा, शिरुडे. मग जरा थांबली. आणि म्हणाली, हां, ते होय. बरोबर होते ते.”